त्रिंबकभटांचं नाक

त्रिंबकभट माणसंसुद्धा हुंगायचे. तुम्ही समोर जाऊन उभे राहिलात, की त्यांची मान किंचित पुढे यायची, नाकपुड्या फुलायच्या आणि मग निकाल लागायचा. "छत्री ओलीच मिटून ठेवलीत." "धोतर खाटेखालच्या ट्रंकेतलं दिसतंय." एकदा मला म्हणाले, "मालक, आज वहिनींशी वाजलंय."

"भांडणालाही वास असतो का हो?" मी विचारलं.

"भांडणाला नसतो. पण तुम्हाला चहाचा नाही. न घेताच बाहेर पडलात."

डोंबिवलीला स्टेशनाजवळ माझी खाणावळ होती. मुंबईच्या कचेऱ्यांत चिकटलेली, अजून बिऱ्हाड न थाटलेली मुलं माझ्याकडे जेवायची आणि त्रिंबकभट माझे आचारी. नैवेद्य दाखवण्यापूर्वी अन्नाची चव घ्यायची नाही, हा आमच्या घरचा नियम. त्यामुळे मीठ बरोबर पडलं की नाही, हे ते पातेल्यावर वाकून वासावरच ठरवायचे. मिठाला वास नसतो असं कुणी म्हटलं, की म्हणायचे, "मिठाला नसतो. मीठ पडलेल्या डाळीला असतो. नाक आहे तोवर पोट आहे, लक्षात ठेवा."

अशा माणसाच्या हातची आमटी एकाएकी खारट व्हायला लागली. हाताखाली माणूस द्या, असं ते मागत होते आणि मी देत नव्हतो. त्याचा राग ते पातेल्यात काढताहेत, असं माझ्या मनाने घेतलं. नारळीपौर्णिमेला त्यांनी चक्क खवट खोबऱ्याचा नारळीभात केला. सगळ्या पंगतीने तोंडं वाकडी केली. मी तिथेच, सगळ्यांदेखत म्हणालो, "त्रिंबकभट, उद्यापासून येऊ नका." असं काही बोलायचं तर माणसाला बाजूला घ्यावं, एवढंही मला सुचलं नाही.

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला, त्याची घडी केली आणि सावकाश म्हणाले, "मालक, तुमची पंगत मी उठवीन."

मी मुळातला भित्रा. त्या दिवसापासून माझी झोप गेली. विहिरीवर फळ्या टाकून घेतल्या, मसाल्याच्या डब्यांना कुलूप लावलं. रोज पहिला घास मीच खाऊन बघायला लागलो. पण नैवेद्याआधी चाखायचं नाही, म्हणजे मी आधी देवालाच धोक्यात घालत होतो. देवासमोर ताट ठेवताना मनात माफी मागायचो. सौभाग्यवती म्हणायची, "तो बिचारा काही करायचा नाही. तुम्हीच एक दिवस धसक्याने जाल."

पुढच्या पहिल्या तारखेला दारात त्रिंबकभट उभे. धुतलेलं धोतर, हातात स्वतःचा तांब्या. महिन्याचे पैसे त्यांनी आगाऊ ठेवले आणि म्हणाले, "जेवायला बसतो."

अन्नाला आलेल्याला परत लावायचं नाही, असं वडिलांचं बजावणं. मी पाट मांडला. थोरल्या माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय आमच्या पंगतीत कुणी जेवायला हात लावत नसे. आता सगळी मुलं विशीपंचविशीतली आणि त्रिंबकभट साठीला टेकलेले. आपल्या पंगतीची दोरी आपण कुणाच्या हातात दिली, हे मला पाट मांडून झाल्यावर कळलं.

त्यांनी आमटीची वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले. बराच वेळ काहीच नाही. मग त्यांनी वाटी खाली ठेवली आणि दोन बोटांनी दूर सरकवली. पोळी मिठाला लावून खायला लागले.

पंगतीतल्या मुलांपैकी पहिल्यांदा सबनीसने आपली वाटी सरकवली. मग त्याच्या शेजाऱ्याने, मग सगळ्यांनी.

हे रोजचंच झालं. नवा आचारी गोपाळ आमटी करताना रडायचा, आणि डोळ्यांतलं पाणीही त्यात पडत असेल अशी मला शंका यायची. मुलं गळायला लागली. कुणी फलाटाजवळच्या दुसऱ्या खाणावळीत गेलं, कुणी कल्याणला मावशी शोधून काढली. तीन ओळी बसायच्या तिथे एक उरली. ती उठली, की मला खाणावळीला टाळं लावावं लागणार होतं. दारात चपलांचा आवाज आला, की मी जोड मोजायचो.

एका रविवारी गोपाळ ताक आणायला गेला आणि इकडे भात लागला. साधा नाही, पार करपला. धूर माजघरात आला, बाहेर ओसरीवरचं कुत्रंसुद्धा शिंकून निघून गेलं. दुसरा भात टाकायला वेळ नव्हता. पानावर भात पडला आणि मुलांनी नाकं मुरडून त्रिंबकभटांकडे पाहिलं. मी वाढपाचं भांडं धरून दारात उभा. संपलं, म्हटलं.

त्यांनी मूठभर भात उचलून नाकाशी नेला. डोळे मिटले. आणि म्हणाले, "हं. भात बाकी आज छान मोकळा झालाय. बसा, जेवा."

"आचारी," सबनीस ओरडला, "करपलाय की हो! गल्लीभर वास सुटलाय!"

त्रिंबकभटांचा हात तोंडाशी थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गेले काही महिने आरशात रोज बघत होतो ती भीती मला त्यांच्या डोळ्यांत दिसली.

"सबनीस," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "मीच मुद्दाम लावायला सांगितला होता. त्यांनी बरोबर ओळखलं."

त्रिंबकभटांनी घास गिळला. "कोकणात ह्याला मान असतो," ते म्हणाले. "खरवड जावयाला वाढतात. तुम्हाला काय कळणार? तुम्हाला अजून कुणी मुलगी दिलेली नाही."

पंगत हसली आणि जेवली. शेवटी खरवडीवरून दोघांची मारामारी व्हायची वेळ आली.

मुलं उठून गेली तरी ते पाटावरच बसून होते. मी समोर जाऊन बसलो.

"कधीपासून?"

"आषाढात ताप आला होता ना, तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"सुताराचा हात तुटला, तर लोक हळहळतात, मालक. आचाऱ्याचं नाक गेलं म्हटलं, तर हसतात."

"आणि हा रोजचा सूड?"

"आधी सूडच होता. खोटं कशाला बोलू? तुमची चूल विझलेली मला बघायची होती." ते रिकाम्या वाटीकडे बघत राहिले. "मग एकदा वाटी नाकाशी नेली आणि वाटलं, आला, हिंगाचा वास आला. नव्हता आला. पण तेव्हापासून रोज वाटतं, आज येईल. खोलीवर एकट्यापुरती फोडणी करतो, ती नुसती चुरचुरते. इतकी वर्षं वास इथल्या चुलीपाशी होता. परत यायचा तर इथेच यायचा. नाही आला, की आमटी घशाखाली उतरत नाही, म्हणून वाटी सरकवायचो. ती पोरं का सरकवायची, देव जाणे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना आमटी मीच वाढायला लागलो. वाकलो, की हळूच सांगायचो, "चिंचगुळाची. हिंग बेताचा. मिरची जरा चढलीय." ते वाटी उचलायचे, डोळे मिटायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "मिरची चढलीय. पण चालेल." सबनीस मांडीवर थाप मारायचा, "काय नाक आहे!" आणि पंगत जेवायला लागायची. हळूहळू ओळी भरल्या.

माझी भीती मात्र गेली नाही. वाटी त्यांच्या नाकाशी असेपर्यंत मी पळी धरून, श्वास रोखून उभा राहायचो. मी सांगितलेलं ते बोलून दाखवायचे, पण त्याआधी डोळे मिटून बराच वेळ थांबायचे. मग डोळे उघडून माझ्याकडे बघायचे आणि कुणाला दिसणार नाही इतकीच मान हलवायचे. आजही नाही.

मी आणखी एक पळी वाढायचो. ती ते सरकवत नसत.