दारावरचा पुंजाजी

पुंजाजीनं माह्या सासूले माह्याच दारातून वापस मंगरूळपीरच्या येष्टीत बसोलं, तवापासून मी त्याले देवमानूस म्हनतो. बाकीचं गाव त्याले काय म्हने, थे सांगत बसलो तं माहीच जीभ खराब होईन.

लहानपनी देवी आल्या होत्या त्याले. जीव वाचला, एक डोया गेला, अन् तोंडावर असे खड्डे पडले का मेडशीच्या रस्त्यानं लाजावं. पोरगी कोनी देल्ली नाई. सकायी कामाले निंगालेल्या मानसाले पुंजाजी दिसला का तो घरात वापस जाऊन पानी पिऊन निंगे. मीबी तसंच करो. त्याले जागलीचं काम तेवढं भेटे, रातभर वावर राखाचं. "पुंजाजीले गोफन नाई लागत," मी पारावर म्हनो, "डुकरं तोंड पाहूनच पयतात." लोकं हासत. पुंजाजीबी हासे, म्हून मले वाटे का गंमत चांगली जमली.

मंग थे साल आलं, जवा सरकारचे लोकं घरोघरी देवीचा रोगी धुंडून राह्यले होते. म्हनत, आता साऱ्या दुनियेतूनच देवी हाकलाची हाय. टोचनारा बाबू हातात एक फोटो घेऊन ये. फोटोत आंगभर फोड आलेलं लेकरू. "असं कोनी हाय काय घरात?"

मी तवा तापानं फनफनलेलो, आंगावर फोड. गप राहाव ना! पन मले तोंड हाय, अक्कल नाई. म्हनलं, "बाबू, हा तं माहाच फोटो हाय, लहानपनीचा."

बाबू हासला नाई. संध्याकायी जीप आली. जीपमधल्या लोकाइनं माह्या फोडातलं पानी तपासाले पाठोलं अन् दारावर पहारा बसोला. रिपोट येईपावतर मी भाईर जाचं नाई, अन् देवीची लस टोचल्याबिगर कोनी अंदर याचं नाई. पहाऱ्याले मानूस असा पायजे का ज्याले देवी एकदा होऊन गेली, म्हून परत होनारच नाई. गावात तसा एकच होता.

पुंजाजीनं धोतर धुतलं, पटका बांधला, अन् दारात दगडावर बसला. पह्यल्याच दिवशी सासू आली.

"सरक, जवायाले पाहाचं हाय मले."

"आंदी टोच, मंग पोच," पुंजाजी म्हने. लहानमोठं कोनी असो, त्याचा एकच मंतर.

"मले टोचतं? मेल्या, जवायाच्या घरी हात उघडे करू काय मी?"

"थो बाबू बांगड्या सरकोवून टोचते, मावशी. शायेत बसला हाय."

"अवो जवाईबुवा, सांगा ना याले!"

मी गोधडीत तोंड खुपसून मेल्यावानी पडून राह्यलो. सासू गेली.

मंग सरपंच आले. आमी त्याइले मालक म्हनतो. त्याइच्याच पोरीच्या लग्नात पुंजाजीले मांडवाच्या भाईर जेवाले बसोलं होतं, नवरीनं त्याचं तोंड पाहू नाई म्हून.

"सरक बे. वयखत नाई काय मले?"

"वयखतो ना मालक. पन आंदी टोच, मंग पोच."

मालक पाय आपटत शायेत गेले. वापस आले तं बाही वरच होती. पुंजाजीले म्हनाले, "आता जाऊ काय?"

"जा," पुंजाजी म्हने.

त्या दिवशी त्यानं माह्या बायकोले भाकर मांगून घेतली. नाई तं कोनी देल्ली तरच खाये.

लोकं त्याच्यासंगं बोलाले लागले. बोलाच लागे. "पुंजाजीभाऊ, जाऊ दे ना गा." भाऊ! म्या गोधडीतून आइकलं अन् मले वाटलं तापानं कान गेले.

मंग एक दिवस बाबू सायकलवर आला. "देवी नाई, कांजन्या हायेत. पुंजाजी, उठ. तुही डूटी सरली."

"नीट पाहा ना बाबू. याच्या पाठीवर एक फोड अजून ओला हाय."

बाबू पह्यल्यांदा हासला, अन् गेला. गावात बोंब झाली का घोड्याएवढ्या मानसाले लेकराची बिमारी झाली. पारावर आता माह्यावरच हासनं सुरू.

संध्याकायी पुंजाजी दारात उभा. "ताप हाय काय गा?"

"नाई."

"खाजते काय कोठं?"

"नाई गा. अंदर ये, बस."

त्यानं अंदर डोकावून पाह्यलं. "अंदर येऊन काय करू? अंदर मले कोन इचारते?" मंग दाराची कडी हालवत हयूच म्हने, "थोडे दिवस आनखी बिमार राय ना."

म्या गोधडी वढली अन् रस्त्यावर आइकू जाईन असा कन्हाले लागलो. पुंजाजी उंबऱ्यात पाय आडवे पसरून बसला.

दुसऱ्या दिवशी मालक आले, शेजारीपाजारी आले. त्याचे पाय ओलांडून अंदर येत, मले हासत, अन् पाय ओलांडून भाईर जात. मी कन्हतच होतो.