पुंजाजींची दुसरी रेघ

पुंजाजींचं एक तत्त्व होतं: शेतकऱ्यानं पुरावा कधी सोडू नये! सोयाबीन पेरलं की बियाण्याची पिशवी, पिशवीचा टॅग, दुकानाची पावती, सगळं पत्र्याच्या पेटीत. उद्या बियाणं उगवलंच नाही तर पंचनाम्याला दाखवायला काहीतरी हवं ना! "पुरावा हाय त मानूस हाय," असं ते इंझोरीच्या पारावर ठणकावून सांगत, आणि ऐकणारे "हो बापा" म्हणत तंबाखू मळत.

तर गुरुवारी शाळेत आरोग्य शिबिर भरलं. सगळं फुकट! पुंजाजींनी वजन केलं, बीपी मोजला, साखर पाहिली, उरलेसुरले दात दाखवले आणि शेवटच्या टेबलापाशी जाऊन बोट पुढे केलं. तिथे मानोऱ्याहून आलेला लॅबवाला धीरज बसला होता.

"काका, हे उपदंशाचं टेबल हाय. गरमीचा रोग. बाईमानसाच्या संबंधातून लागते थो. तुमाले काय करा लागते?"

"काहून? मी मानूस नाई का? फुकट हाय ना? मंग टोच!"

धीरजने टोचलं. थेंबभर रक्त, वरून दोन थेंब औषध, आणि बोटाएवढी प्लास्टिकची पट्टी. बरोबर पंधरा मिनिटांनी त्याने ती पाहिली. "एकच रेघ. काई नाई काका, तुमी साफ हा!"

धीरजची मान वहीकडे वळली आणि पुंजाजींचा हात पट्टीकडे. साफ असल्याचा इतका पक्का पुरावा, आणि तो बादलीत जाऊ द्यायचा? पट्टी बंडीच्या खिशात गेली!

पाराला वळसा घालत, चार जणांशी बोलत पुंजाजी दीड तासाने घरी पोचले. घरात घाई होती. स्लॅबचं नवं घर उभं राहिलं होतं, रविवारी घरभरणी, तीनशे लोकांना आवतन. बायको गोजराबाई आणि गावची आशाताई वैजयंती डाळ निवडत बसल्या होत्या.

"हे पाय!" पुंजाजींनी पट्टी सुपाशेजारी ठेवली. "सरकारनं तपासलं. तुहा नवरा साफ!"

वैजयंतीने पट्टी पाहिली आणि तिचा चेहरा पडला. "काका, इथं त दोन रेघा हायेत."

"दोन? एकाच्या दोन झाल्या? मंग अजून साफ झालो असन!"

"नाई हो काका. दोन रेघा म्हनजे रोग हाय." कोणता, ते तिने अगदी हळू सांगितलं. पण 'चहा ठेव' हे दोन शब्द ज्या कानांना कधी ऐकू आले नाहीत, त्यांनी हे बरोबर टिपलं!

"कोन हाय थे?" गोजराबाई उठल्या.

"कोन थे?"

"जिच्यापायी दुसरी रेघ आली थे!"

"अवं, बेचाळीस वर्सांत मी कुठं मुक्कामी तरी रायलो का?"

"शिरपूरले तीन दिवस कायले गेलते?"

"बैल पाहाले!"

"बैल पाहाले तीन दिवस लागतेत? मी नाई बसनार रविवारी तुमच्या बाजूनं! उपरन्याची गाठ थ्या शिरपूरवालीच्या पदराले बांधा!"

पुंजाजींनी बोटांवर हिशेब केला. बायको शेजारी नाही म्हणजे पूजा नाही, पूजा नाही म्हणजे घरभरणी नाही, आणि तीनशे लोकांना सांगायचं काय? सांगायची गरजच पडली नाही म्हणा. गोजराबाईंचा आवाज असा की दिवे लागायच्या आत सगळ्या गावाला कळलं होतं!

शुक्रवारी सकाळी ते मान खाली घालून पारावरून निघाले, तर जगदेवने उठून जागा दिली. हाच जगदेव एरवी त्यांना मेंगळट म्हणायचा!

"बस, पुंजाजी. लेका, इतकी वर्सं आमाले पत्ताच नाई लागू देला!"

"अरे, तसं काईच नाई!"

"असं कोनी कबूल करते का? चहा सांगा रे यायले!"

नाही म्हणावं तितका मान वाढत होता. आणि खरं सांगायचं तर पुंजाजींना ते आवडलं! चहा झाल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला, शिरपूरच्या रस्त्याकडे उगाच एकदा पाहिलं, आणि मग घरभरणी आठवून मानोऱ्याची गाडी धरली.

"काका! पट्टी तुमी नेली?" धीरज ओरडलाच. "एक पट्टी कमी भरली म्हनून मी अख्खी बादली उपसली! वीस मिनिटांनंतर थे पाहाचीच नसते. रक्त सुकता सुकता कधी कधी खोटी रेघ उमटते."

"मंग हेच गोजराले सांग."

"नुसतं तोंडानं नाई चालत. पट्टी म्हनजे चाळनी. शंका आली की शिरेतलं रक्त लॅबमदी पाहा लागते. या इकडं!"

शनिवारी दुपारी कागद मिळाला. शिक्का, सही, रोग नाही! पुंजाजी घरी धावत आले. वैजयंतीने कागद वाचून दाखवला. गोजराबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"मले पैल्याच रातीपासून मालूम होतं. माह्याबिगर तुमाले कोन घेते!"

"मंग दोन दिवस तोंड काहून फिरवलं?"

"अवो, साऱ्या बाया मले इचारत होत्या, काय वं गोजरा, तुहा नवरा येवढा देखना हाय का? मले बी जरा बरं वाटलं!"

पुंजाजींनी कागदाची घडी घातली. सुटका झाली होती, तरी मन जरा खट्टू झालं होतं. त्यांनी हळूच विचारलं, "एकबी नसती भेटली?"

"एकबी नाई!" गोजराबाई म्हणाल्या आणि पुरणाची डाळ पाहायला आत गेल्या.

पंधरा मिनिटांची पट्टी दीड तासाने चुकू शकते, हे पुंजाजींना आता पक्कं ठाऊक होतं. पण हा निकाल बेचाळीस वर्षं पाहून दिलेला होता!