सासऱ्यांची गाडी आणि फाटकासमोरचा चढ

सासरेबुवांनी स्वतःची गाडी माझ्या हवाली केली, ही आमच्या घरातली ऐतिहासिक घटना! हा माणूस पेन उसनं देतानासुद्धा टोपण स्वतःकडे ठेवून घेतो. त्या दिवशी मात्र प्रवासाला निघता निघता त्यांनी आमच्या फाटकासमोर बॉनेट धाडकन बंद केलं, हात पुसले आणि एकाएकी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"आम्ही बसनेच जातो, जावईबापू. गाडी तुम्ही सांभाळा!"

सासूबाई बघतच राहिल्या. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

"हुरळून जाऊ नकोस," बायको म्हणाली. "नुसती उभी राहू दे."

नुसती उभी? विश्वास टाकलाय माणसाने! गाडी होती तशीच परत द्यायची, तर जावई आणि कुलूप यांत फरक काय?

ते परत यायच्या दिवशी सकाळी मी बॉनेट उघडलं. ऑइलची पट्टी पुसली, बुडवली, बाहेर काढली. ऑइल पार खालच्या खुणेशी! डिकीत ऑइलचा अर्धा डबा सापडला. थोडं ओतलं, पट्टी ढिम्म. आणखी ओतलं. डबा रिकामा झाला, तेव्हा कुठे पट्टीने होकार दिला.

"अरे, तिथे काय ऑइल बघतोस?" बायको गॅलरीतून ओरडली. "फाटकासमोर चढ आहे! ऑइल मागे सरकणारच. सपाटीवर बघतात!"

गाडी सपाटीवर नेली, तर मागून निळा धूर. शेजारचे काका म्हणाले, "डास मारताय? मग आमच्या दारावरूनही एक चक्कर मारा!" जरा वेळाने पट्टी काढली, तर वरची खूण कधीच बुडालेली! तेवढ्यात सासऱ्यांचा फोन.

"गाडी कशी आहे?" आवाज अगदी दबका.

"मजेत!"

"ऑइल... बघितलंत का?"

"बघितलं की! अगदी बरोबर आहे."

"बरोबर? नक्की? बरं. संध्याकाळी येतोच."

आता माझी धडगत नव्हती! पुन्हा या माणसाने मला सायकलची घंटीसुद्धा वाजवू दिली नसती. औषधाची मोठी सिरिंज शोधली, तिला माशांच्या टाकीची नळी जोडली, स्वयंपाकघरातून परात पळवली. पट्टीच्या भोकातून नळी आत सोडायची, ऑइल ओढायचं, परातीत सोडायचं. दुपार त्यातच गेली. शेवटी पट्टी खुणेवर आली. परातीतलं ऑइल डब्यात ओतलं, तर अर्ध्या डब्याचा डबाभर झालेला! गाडी आतल्या आत ऑइल बनवते की काय? पण विचार करायला त्राण कुणात होतं?

संध्याकाळी सासरे आले ते थेट गाडीकडे. पट्टी काढली, निरखली आणि मला चक्क मिठी मारली.

"जावईबापू, वाचवलंत! त्या दिवशी तुमच्या चढावरच मी अर्धा डबा ओतून बसलो. हिला कळलं असतं तर प्रवासभर ऐकावं लागलं असतं. म्हणून तर किल्ली तुम्हाला दिली!"

म्हणजे विश्वासबिश्वास काही नव्हता! मी खट्टू झालो. पण मिठी खरी होती, ती कशाला सोडा? "काढलं जादा झालेलं," मी ऐटीत म्हणालो. "असते एकेकाकडे हातोटी."

"ही माझ्या परातीची हातोटी?" मागून बायको. तिच्या हातात काळीकुट्ट परात आणि शेजारी सासूबाई, सगळं ऐकलेल्या!

"दोघांनी मिळून घासा," सासूबाई एवढंच म्हणाल्या.

आम्ही नळाशी बसलो. सासरे घासत होते. मध्येच त्यांचा हात थांबला.

"जावईबापू, उरलेला अर्धा डबा मी डिकीत ठेवला होता. मघाशी तिथे दिसला नाही. कुठे गेला?"

परात तशी निघत आली होती. पण मी ती जरा जास्तच जोराने घासायला लागलो.