दिवेलागणीनंतरचं विरजण

"आई, घरचं विरजण आहे ना? शनिवारी न्यायला येते," मुंबईहून अंकिताचा फोन आला आणि राहीबाईनं "हाय की" म्हणून टाकलं. विरजण कधीचंच संपलं होतं. आंबेनळी घाटाखालच्या त्या घरात एकटीनं दही लावायचं तरी कुणासाठी? पण लेक गणपतीनंतर फिरकली नव्हती, आणि खरं सांगितलं असतं तर आताही आली नसती.

अंकिता प्रयोगशाळेत दह्यातल्या जिवाणूंवर काम करते. या जिवाणूंकडे एक एन्झाइम असतं, त्याच्या मदतीनं ते के जीवनसत्त्व बनवतात. घरच्या दह्यातले जिवाणू या कामात भलतेच तरबेज निघाले, आणि नेमका तोच नमुना फ्रीज बंद पडून वाया गेला.

राहीबाईला फारशी काळजी नव्हती. अख्ख्या वाडीत विरजण गेलेलं तिच्याच घरून. दिवे लागल्यावर कुणी विरजण देत नाही, म्हणून ती ऊन असतानाच वाटी घेऊन शेजारच्या तुळसाकडं गेली.

"तुझं विरजण होय? ओतून टाकलं मी," तुळसा म्हणाली.

"ओतलंस? का गो?"

"तूच नाय का नळावर सांगत होतीस, माझ्या दह्यात के जीवनसत्त्व हाय, त्यानं रक्त गोठतं म्हणून? आमच्या ह्यांचं आधीच हार्टचं दुखणं."

"अगो, जखम झाल्यावर गोठतं. चांगलं असतंय ते."

"मग तेवढं पण सांगायचंस ना."

राहीबाई पुढच्या घरी गेली, तर बनुबाईनं गोठ्यामागं ओतलं होतं. भिकूच्या बायकोनं तर भांडंसुद्धा टाकलं होतं. राहीबाईची फुशारकी घरोघर पोचली होती आणि आता सगळी वाडी पोलादपूरहून पिशवीतलं दही आणत होती. तिनंही एक पिशवी आणून वाटीत ओतली, पण लेकीच्या कामात खोटं कालवायला तिचा हात धजेना. तिनं फोन लावला.

"अंकू, विरजण नाय. तू यावीस म्हणून खोटं बोलले. आता उगाच हेलपाटा घालू नको." मग फोन ठेववेना म्हणून तिनं विचारलं, "तिथं दही तरी खातेस ना?"

"रोज लावते गो. गणपतीत तूच डब्यात विरजण दिलं होतंस ना, तेच..." अंकिता बोलता बोलता थांबली. घरची आठवण आली की ती भातावर तेच दही घ्यायची. त्याला नमुना म्हणायचं तिला सुचलंच नव्हतं.

"मिळालं ना? मग झालं," राहीबाई म्हणाली. आनंद व्हायला हवा होता, पण तिचे डोळे भरून आले. लेकीला यायला आता काही कारणच उरलं नव्हतं.

"आई, तुझ्याकडं नाही ना विरजण? मग मीच घेऊन येते. दुपारी देईन आणि संध्याकाळच्या एसटीनं परत निघेन."

शनिवारी अंकिता डबा घेऊन अंगणात शिरली, तेव्हा ऊन चांगलं कडक होतं. तुळशीपुढं दिवा तेवत होता.

"आई, भर दुपारी दिवा?"

"लागला खरा," राहीबाई म्हणाली. "आणि दिवे लागल्यावर विरजण घेत नाय, ठाऊक हाय ना तुला? आता उद्या सकाळी दे."

अंकितानं डबा ओटीवर ठेवला, चपला काढल्या आणि विचारलं, "उद्या दिवा किती वाजता लावणार आहेस?"