आंघोळीची अट

उचगावच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून आत, सयाजीरावांचं चारशे डुकरांचं फार्म आहे. फाटकावरच्या फलकावर मात्र ‘आधुनिक वराह संवर्धन प्रकल्प’ असं लिहिलं आहे, कारण डुक्कर हा शब्द सरकारी कागदावर शोभत नाही. खाली एकच नियम : आत जाणाऱ्या प्रत्येकाने डोक्यावरून आंघोळ करून फार्मचे कपडे घालावेत. माणसाच्या बुटाला, केसांना चिकटून डुकरांचा ताप आत शिरतो आणि शिरला की पंधरा दिवसांत शेड रिकामं होतं.

शिरोळची क्रांती इथं सहा महिने शिकाऊ म्हणून राबत होती. आत जाताना एक आणि बाहेर येताना एक, अशा रोज दोन आंघोळी करत होती. तिच्या आईनं भावकीत सांगितलं होतं, की पोरगी परदेशी जनावरांच्या संशोधनात आहे. प्रमाणपत्र मिळालं की सयाजीराव तिला पगारावर शेडची देखरेख देणार होते. त्यासाठी एकच सही हवी होती, मूल्यमापन अधिकाऱ्यांची.

साहेब शनिवारी अकराला आले. सोबत दोन उपसाहेब, एक फोटोवाला, एक ड्रायव्हर आणि सुट्टीच आहे म्हणून आलेले साहेबांचे मेव्हणे. सयाजीरावांनी खास कोल्हापुरातून फेटेवाला बोलावला होता. क्रांती फाटकालगतच्या न्हाणीत टॉवेल-साबण मांडून येईपर्यंत सहाच्या सहा डोकी फेट्यात गेली होती.

“मालक, ह्ये काय केलासा? आता डोस्की कशी धुवायची?”

“पावण्याला बिनफेट्याचा आत न्यायचा व्हय गं? काय रीतभात हाय का न्हाय?”

क्रांतीनं साहेबांना नियम सांगितला.

“डुकरं बघायला मी आंघोळ करू?”

“व्हय साहेब. घाण बाहेरनं आत येती.”

“म्हणजे घाण मी?”

“तसं फलकावर लिवलेलं न्हाय, साहेब.”

“दाजी, बांधलेला फेटा सोडू नका,” मेव्हणे म्हणाले. “डुकरापुढं फेटा उतरला म्हंटल्यावर गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हायची न्हाय.”

थोरल्या उपसाहेबांनी तोडगा सुचवला. फेट्यावर चार थेंब शिंपडून आंघोळ पूर्ण झाली असे समजण्यात यावे.

“आम्ही समजू की, साहेब,” क्रांती म्हणाली. “पण ताप समजत न्हाय.”

सयाजीरावांनी तिला बाजूला घेतलं. “अगं, सही त्येंच्या हातात हाय. सोड की पाच मिण्टं!”

“परवाच अकरा पिल्लं झाल्याती, मालक. त्यास्नी पाच मिण्टं पुरं होत्याती.”

आणि फाटकाच्या आत होऊन तिनं आतून कडी लावली.

शेवटी निदान बूट काढून औषधाच्या पाण्यात पाय बुडवावेत, एवढ्यावर सर्वांचं एकमत झालं. ते पाणी फाटकाच्या बाहेरच होतं. सकाळपासून पायांत बंद असलेले बुटांचे सहा जोड एकदम उघडले. फार्मचं कुत्रं उठलं आणि उसाच्या फडात निघून गेलं. साहेबांनी फेट्याचा शेमला नाकाला लावला आणि धाकट्या उपसाहेबांना अहवाल सांगायला सुरुवात केली.

“प्रवेशद्वारापाशी तीव्र दुर्गंधी.”

“साहेब, ती शेडची न्हाय, ती...” क्रांती फाटकाआडून म्हणाली.

“उमेदवार अधिकाऱ्यांना मधेच तोडते. पुढे घ्या. आंघोळीची सोय : आहे. पाहुण्यांकडून वापर : शून्य. अभ्यागतांना स्वच्छतेची सवय लावण्यात उमेदवार असमर्थ. निकाल : अनुत्तीर्ण. प्रशिक्षण पुन्हा सहा महिने.”

“अवो, पर तुम्ही आत तर आलाच न्हाईसा!”

“आत कशाला? बाहेरच एवढा वास आला.”

फाटकापुढं फेट्यांसह फोटो निघाला. गाड्या गेल्या. सयाजीराव डोक्याला हात लावून बसले. क्रांतीनं दिवसाची पहिली आंघोळ केली, आत जाऊन पिल्लं मोजली. अकरा भरली.

अहवाल वरच्या कार्यालयात पोचला. तिथं कुणीही हे फार्म पाहिलेलं नाही, पण वाचताना प्रत्येकानं नाकाला रुमाल लावला. आपण तसे नाही. वास कुणाच्या बुटांचा होता, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे.

फक्त एवढंच, की पहिल्याच ओळीत चारशे डुकरं म्हटल्याबरोबर आपल्याही नाकापाशी काहीतरी आलं होतं. आणि बूट तर तोवर कुणीच काढले नव्हते.