हवालदाराची लाळ

सानगडीतलं एकूण एक वानर मी तोंडावरून ओळखतो! ही फुशारकी नव्हे. माझं किराणा दुकान बाजारचौकात, समोर हनुमानाचं देऊळ, देवळामागे पिंपळ आणि पिंपळावर वानरांचा अख्खा कळप. वर्षानुवर्षं ते माझे शेंगदाणे पळवतात. इतक्या जुन्या गिऱ्हाइकांना दुकानदार ओळखणार नाही का?

हेच मी माझ्या भाचीला, उर्वशीला सांगितलं आणि तिथेच फसलो.

उर्वशी नागपूरला पीएचडी करते. विषय काय, तर माकडांच्या अंगातला एक विषाणू, जो स्वतःच्या नकला काढताना चुका करतो!

"मामाजी, भेव नका. यानं कोणी आजारी पडत नाही," ती म्हणाली. "पण एकदा तो एखाद्या माकडाच्या अंगात शिरला, का तिथंच त्याची लेकरं होतात, नातवंडं होतात. अन् सगळी थोडीथोडी वेगळी! एकाच अंगात तो किती बदलते, ते मले पाहाचं आहे."

"आपल्या खानदानासारखं!" मी म्हणालो. "आडनाव एक अन् थोबाडं सतरा."

"बरोब्बर! म्हणून मले दर रविवारी एकाच माकडाची लाळ पाहिजे. दुसऱ्याची मिसळली तर माझी सारी मेहनत पाण्यात. मुदत संपून राहिली, मामाजी. हे हुकलं तर पीएचडी गेलीच समजा."

शिवाय तिला माकड चावलेला एक माणूसही हवा होता. माकडातून माणसात गेल्यावर विषाणू तसाच बदलतो की कसं, हे बघायला. मी मांडीवर थाप मारली. तळ्याचा राखणदार चिंधू! त्याच्या खांद्याला आमच्या हवालदाराने मागे कडकडून चावा घेतला होता. हवालदार म्हणजे कळपातला दांडगा नर, डावा कान फाटलेला. पुढे त्या दोघांची दोस्तीही झाली. वानर आणि त्यानेच चावलेला माणूस, दोन्ही एकाच गावात! उर्वशी फोनवर नाचायचीच बाकी राहिली.

"बिनघोर राहा," मी म्हणालो. "तुझा मामा आहे ना!"

काम पोराटोरांनाही जमेल असं. सुती दोरीचा तुकडा गुळाच्या पाकात बुडवायचा आणि वानराकडे फेकायचा. वानर चघळून टाकून देतं. हातमोजे घालून तो उचलायचा आणि नळीत बंद करायचा. निळ्या झाकणाच्या नळ्या हवालदाराच्या, लाल झाकणाच्या चिंधूच्या. चिंधूसाठी दोरी नव्हे, कापसाचा बोळा होता.

पाक माझ्या बायकोने, रुखमिणीने करून दिला. माझी शुगर वाढल्यापासून घरातला गूळ तिने कुलपात ठेवला आहे आणि माझ्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर बंदी घातली आहे. पातेलं हातात देताना ती म्हणाली, "हा गूळ माकडाचा आहे. ध्यानात ठेवा जी!"

पहिल्या रविवारी हवालदाराने दोरी छान चघळली. पुढे ओळख पटावी म्हणून मी त्याच्यावर मूठभर गुलाल उधळला. तो असा भडकला की मला दात दाखवून थेट तळ्याकडे पळाला.

मग मी चिंधूकडे गेलो. त्याने कापसाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं.

"माकडाले गूळ अन् मले कोरडा कापूस? मी काय माकडाहून गेलो का, भाऊ?"

तत्त्वाचा प्रश्न होता! त्यालाही गुळाची दोरी द्यावी लागली.

"पण कोणी पाहून राहिलं, का मले चघळता येत नाही," तो लाजून म्हणाला. "घरी चघळतो. सांजच्याले नळी घेऊन जा."

माझी काही हरकत नव्हती. माणसाची लाज राखलीच पाहिजे.

इकडे गावात भलतंच झालं. पळणारं लालभडक वानर आमच्या शेजारणीने, तुळसाबाईने पाहिलं आणि त्याच सांजेला तिची हरवलेली गाय घरी आली! झालं! दुसऱ्या दिवसापासून ज्याला त्याला गुलालाचं वानर पाहिजे. कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाची बोअरिंग, कोणाची ग्रामपंचायतीची सीट. पिंपळाखाली रोज वानरांवर गुलालाची उधळण! माझ्या दुकानातला गुलाल संपला आणि भंडाऱ्याहून नवीन पोतं मागवावं लागलं. धंद्याच्या त्या आनंदात याचा अर्थ काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दर रविवारी एक लाल वानर खाली यायचं, दोरी चघळायचं आणि जायचं. एकदा त्याचा कान धड दिसला. म्हटलं, भरला असेल. एकदा शेपूट आखूड वाटलं. म्हटलं, थंडीने आखडलं असेल. एकदा हवालदार छातीशी पिल्लू घेऊन आला. तेव्हा मात्र मला जरा शंका आली. पण जराच! एका रविवारी तर कोणीच आलं नाही. तरी मी भाचीला रिकामी नळी पाठवली नाही. कशी पाठवली, ते जाऊ द्या.

अन् एक दिवस उर्वशीचा फोन!

"मामाजी! हवालदाराच्या अंगात इतके प्रकार निघाले, इतके निघाले, का आमचे गाईड सर खुर्चीवरून उठून उभेच राहिले! म्हणते, असं माकड जगात कोणी पाहिलं नसन! ते सोता येऊन राहिले त्याले पाहाले!"

मी गुलालाचं पोतं घाईघाईने आत सरकवलं.

सर आले. योगेंद्र सर त्यांचं नाव. उंच, गंभीर, गळ्यात दुर्बीण. पिंपळाखाली उभे राहून त्यांनी विचारलं, "यातला हवालदार कोणता?"

वर सगळी फांदी न् फांदी लाल! जणू गावाची अख्खी मिरची झाडावर वाळत घातली होती.

"सगळेच... म्हणजे तसे सगळेच हवालदार," मी पुटपुटलो.

सरांनी दुर्बीण खाली घेतली. उर्वशी माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. लहानपणी मी तिला खांद्यावर बसवून मंडईची जत्रा दाखवली होती. जीव द्यावासा वाटला मला!

"निळ्या नळ्या गेल्या," सर थंडपणे म्हणाले. "लाल तरी खऱ्या आहेत का? माणसात एवढा विषाणू मी कधी पाहिला नाही. चला त्या माणसाकडे."

चिंधू तळ्याच्या पाळीवर खाटेवर बसला होता. झोपडीच्या छपरावर फाटक्या कानाचा हवालदार, अंगाला गुलालाचा कणही नाही!

सरांनी दोरी पुढे केली. "माझ्यासमोर चघळून दाखवा."

"मी?" चिंधू दचकला. "मी कायले चघळू?"

"मग इतके दिवस कोण चघळत होतं?"

चिंधूने डोकं खाजवलं. "साहेब, दोरी मी चहात बुडवतो. गूळ उतरला, का काढून घेतो अन् याले देतो. हा चघळते, मंग मी नळीत टाकतो. वाया कायले जाऊ द्या?"

"यालाच? दर वेळी?" सरांचा आवाज चिरकला.

"दर रविवारी! दुसऱ्या माकडाले तर हा इथं टेकूच देत नाही."

सर हळूच खाटेवर टेकले. एकाच वानराची लाळ, दर रविवारी, न चुकता, लाल झाकणाच्या नळ्यांत! उर्वशी रडता रडता हसायला लागली आणि वाकून चिंधूच्या पाया पडली. चिंधूने आशीर्वाद म्हणून चहा विचारला. पीएचडी वाचली!

मीही छाती फुगवून म्हणालो, "पाहिलं? शेवटी माणूस तर मीच निवडला ना!"

पुढच्या आठवड्यात उर्वशीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. रुखमिणी शेजारीच तांदूळ निवडत होती. तिलाही कौतुक ऐकू दे म्हटलं!

"मामाजी, सरांनी निळ्या नळ्याही तपासल्या. सगळ्या वेगळ्यावेगळ्या माकडांच्या. एका नळीत मात्र विषाणूच नाही. ती लाळ माणसाची निघाली. अन् गुळासोबत खर्राही सापडला!"

सुपातले तांदूळ थांबले.

"चिंधूची असन," मी म्हणालो.

"चिंधूकाका खर्रा खातच नाही, मामाजी."

आता उर्वशीच्या कामासाठी दर रविवारी पातेलं घेऊन रुखमिणी स्वतः तळ्यावर जाते. गूळ चिंधूच्या चहात, दोरी हवालदाराच्या तोंडात.

परवा मी तिला हळूच विचारलं, "अन् मले?"

तिने चिंधूने परत केलेला तो कोरडा कापसाचा बोळा काढून माझ्या हातावर ठेवला.