धुळीचा बंदोबस्त

घराघरांत रंगीत टीव्ही येऊ लागले, त्या वर्षीची गोष्ट. जुने सरकारी कागद सांभाळणाऱ्या अभिलेखागाराच्या ताई भेटेल त्याला ऐकवायच्या, "माझ्या कपाटांवरून बोट फिरवा. धुळीचा कण निघाला तर नोकरी सोडीन!"

ताईंचं दुखणं वेगळंच होतं. छप्पर! गळायचं तेही नेमकं जुन्या नकाशांच्या कपाटावर. अर्ज करून बोटं झिजली, साहेब ढिम्म. शेवटी त्यांनी वार्ताहराला बोलावलं. पेपरात आलं की झोपलेलेही धावतात!

वार्ताहर फोटोवाल्याला घेऊन आला. ताईंनी छताचा ओला डाग दाखवला. फोटोवाल्याने नाक मुरडलं.

"डाग काय छापायचा? धूळ कुठाय?"

"इथे धूळ नसते," ताई मान ताठ करून म्हणाल्या.

"अहो ताई, अभिलेखागाराची बातमी आणि धूळ नाही?" वार्ताहर कळवळला. "म्हणजे लग्नाचा फोटो आणि नवरी नाही! तुम्ही थोडी धूळ द्या, मी छपराचं छापतो."

ताईंचा जीव वरखाली झाला. तेवढ्यात शिपाईमामा धावत आले, हातात कॅरमच्या पावडरीचा डबा!

"कागदांवर नाही हं! रिकाम्या खोक्यांवर!" ताई ओरडल्या.

फोटोवाल्याने फुंकर मारली, ताईंना सणसणीत शिंक आली, आणि नेमका फ्लॅश उडाला.

सकाळी पहिल्या पानावर पांढऱ्याफटक ताई! वर मथळा : 'धूळ खात पडलेला इतिहास'. छपराचं अवाक्षर नाही.

"अगंबाई!" सासूबाई चष्मा सावरत म्हणाल्या. "घरी माझ्या पलंगाखाली बोट फिरवतेस, आणि कचेरीत हे दिवे?"

कचेरीत पाऊल टाकताच साहेबांचं बोलावणं आलं.

"ताई, एवढी धूळ?"

"धूळ नाही हो साहेब, कॅरमची पावडर ती!"

"म्हणजे कामाच्या वेळेत कॅरम? कोण खेळतं?"

दाराआडून मामांनी हात जोडले. त्यांची पेन्शन तोंडावर आली होती. ताईंनी मामांकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"धूळच आहे, साहेब."

वरून तातडीने पैसे मंजूर झाले. धुळीसाठी! आणि आलं काय, तर पिंपाएवढं धूळ ओढणारं यंत्र.

पुढे वार्ताहराला त्या बातमीबद्दल बक्षीस मिळालं. फोटोवाला लग्नांचे फोटो काढू लागला. तिथे नवरी आपणहून पावडर लावून येते. साहेबांना स्वच्छतेबद्दल बढती मिळाली. मामा पेन्शनीत उघडपणे कॅरम खेळले. सासूबाईंनी ते कात्रण शेवटपर्यंत उशाखाली जपलं, भांडणात हाताशी असावं म्हणून. नकाशांचं कपाट पलीकडे सरकवून ताईही यथावकाश निवृत्त झाल्या.

छप्पर अजून गळतंच. यंत्र बरोबर त्याच्याखाली ठेवलंय. झाकण काढलं की त्यात पाणी छान मावतं!